सहा मीटर फिरोजी

माझा फ्रान्सचा व्हिसा हातात आला त्या संध्याकाळी सतवंत कौर आमच्याकडे आल्या. कळंबोलीत त्यांचं ट्रकच्या सीट कव्हरचं दुकान आहे. त्यांचा मुलगा गुरमीत दहावीला असताना कामोठ्यात माझ्याकडे मराठीच्या शिकवणीला यायचा. नऊ वर्षांपूर्वी तो फ्रान्सला गेला, तेव्हापासून एकदाही घरी आलेला नाही. कागदपत्रं अजून पूर्ण नाहीत. एकदा बाहेर पडला तर परत आत घेणार नाहीत.

मी जात होते भाचीकडे. ती पॅरिसला शिकते, म्हणजे राहायचा खर्च नव्हता. म्हणून तर जमलं.

सतवंतजींनी पिशवीतून फिरोजी कापडाची घडी काढली. "सहा मीटर आहे, मॅडमजी. त्याचे केस दाट आहेत, पाचात पगडी नाही होत." मग म्हणाल्या, "व्हिडिओवर नेहमी टोपी घालून असतो. थंडी आहे म्हणतो. मे महिन्यात कसली थंडी? तुम्ही फक्त बघून या, केस आहेत का."

कपड्यांच्या बॅगेत ती घडी मी सगळ्यात वर ठेवली.

गल्फमार्गे विमान स्वस्त पडलं, पण मध्ये सहा तास विमानतळावर काढावे लागले. घरून ठेपले नेले होते, ते उपयोगी आले. पहिले दोन दिवस पॅरिसमध्ये चाललो. नदी, पूल, रांगा. मेट्रोचं एक तिकीट अडीच युरोचं. गाडी बदलली तरी तेच चालतं. बाहेर कॉफी उभ्याने प्यायली तर बसून पिण्यापेक्षा स्वस्त, हे भाचीने पहिल्याच दिवशी शिकवलं. गुरमीतला मी तीन मेसेज पाठवले. त्याने ते वाचले आणि उत्तर दिलं नाही.

रविवारी गुरमीत बोबिनीकडच्या गुरुद्वाऱ्यात जातो, एवढं सतवंतजी म्हणाल्या होत्या, म्हणून रविवारी मी एकटीच निघाले. पाच नंबरच्या मेट्रोचं शेवटचं स्टेशन बोबिनी. पॅरिसच्या या ईशान्येकडच्या उपनगरांत पंजाबी बरेच आहेत आणि गुरुद्वारेही. स्टेशनवरून बस घेतली. कुठे उतरायचं हा प्रश्न पडला नाही. सलवार-कमीज घातलेल्या दोन बायका उतरल्या, त्यांच्यामागे मी उतरले.

इमारत साधी, गोदामासारखी. केशरी निशाण नसतं तर पुढे गेले असते. दारात बूट काढायचे, हात धुवायचे, डोकं झाकायचं. ओढणी नसेल तर टोपलीत रुमाल ठेवलेले असतात. जिन्यात मुलं आपसात फ्रेंचमध्ये भांडत होती आणि एक आजी त्यांना पंजाबीत रागावत होती.

"आजीबाई, हळू बोला, आत पाठ चाललाय," असं काहीसं एक मुलगा पंजाबीत म्हणाला.

"माझ्या आवाजाने देव उठत नाही. तुमच्या फ्रेंचने उठतो."

पंजाबी मला जेवढं कळलं तेवढं हे.

आत मी त्या आजीशेजारीच बसले. ती हिंदीत म्हणाली, नातू शाळेत पगडी घालू शकत नाही, सरकारी शाळेत कायद्याने बंदी आहे. रविवारी इथे येताना आजोबा त्याला बांधून देतात. "सात दिवसांत एक दिवस. पण गाठ विसरला नाही."

पाठ संपल्यावर सगळे लंगरला, म्हणजे जेवायला, खालच्या मजल्यावर गेले. जमिनीवर लांब पट्ट्या अंथरल्या होत्या. याला ते पंगतच म्हणतात. शब्द आपलाच, पण आग्रह नाही. जेवढं मागाल तेवढं वाढतात आणि ताटात टाकलेलं कुणाला आवडत नाही. डाळ आली, भाजी आली, खीर आली. मग केशरी रुमाल बांधलेला एक माणूस टोपली घेऊन समोर वाकला. "प्रशादा, जी?"

प्रसाद म्हटल्यावर मी सवयीने उजवा हात पुढे केला. "थोडासाच."

त्याने एक पोळी घेतली, तिचा चतकोर तोडून माझ्या हातावर ठेवला. मी तो कपाळाला लावला. समोर बसलेली ती आजी तोंडाला ओढणी लावून हसायला लागली.

"बाई, परसाद नाय, चपाती हाय ती," तो माणूस म्हणाला. "इकडं चपातीलाच प्रशादा बोलतात."

बोबिनीत हे मराठी ऐकून मी वर पाहिलं. दाढी बारीक कापलेली, डोळ्यांखाली वर्षं दिसत होती.

"गुरमीत, अजून 'नाय'च?"

"आमी कदी सुधारलो, बाई?"

उरलेली तीन चतकोर पोळीही त्याने माझ्या ताटात टाकली.

वाढून झाल्यावर तो मला चहाला खोलीवर घेऊन गेला. दहा मिनिटांचं अंतर. एका खोलीत चौघं राहतात. बाकीचे तिघं कामावर होते. तो इमारतींना गिलावा करतो. मी घडी त्याच्या हातात दिली. त्याने ती नाकाला लावली आणि तशीच थोडा वेळ धरली.

मग त्याने डोक्यावरचा रुमाल सोडला. केस आखूड होते, कानाजवळ पांढरे.

"पहिल्याच वर्षी कापले," तो म्हणाला. "कामावर हेल्मेट. वर इथल्या रहिवासी कार्डाच्या फोटोला डोकं उघडं लागतं. आता एवढ्या वर्षांनी काय सांगायचं?"

मी त्याच्या रुमालाची घडी घातली.

"मम्मीला नका सांगू, बाई."

"विचारलं तर?"

"तुमी बाई हाय. तुमी बघा."

पगडीचं कापड आधी ताणून लांबीत घड्या घालतात. याला पूणी म्हणतात. दोन माणसं लागतात. "घरी मम्मी धरायची," तो म्हणाला आणि एक टोक माझ्या हातात दिलं. खोली पुरेना म्हणून तो बाहेर जिन्यापर्यंत गेला. "घट्ट धरा, बाई. ओढा." खिडकीच्या काचेत बघून त्याने पगडी बांधली. शेवटी बरंच कापड उरलं. ते खोचायला त्याला दोनदा सोडावं लागलं.

"जास्त झालं. खाली केसांचा जूडा नाय ना," तो म्हणाला. "फोटो काढा. तिला दाखवा."

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी मी कळंबोलीला गेले. केसांबद्दल काय बोलायचं हे मी विमानात दोनदा ठरवलं होतं आणि दोन्ही वेळा वेगळं. सतवंतजींनी फोन घेतला आणि फोटो बोटांनी मोठा केला.

"पूणी कुणी धरली?"

"मी."

"सैल धरलीत." त्या हसल्या. मग त्यांचं बोट पगडीच्या वरच्या भागावर थांबलं, जिथे खाली केसांचा अंबाडा असायला हवा होता. तिथे पगडी सपाट बसली होती. मी लंगरची चतकोर पोळी सांगितली, तो वाढायला असतो ते सांगितलं. त्या ऐकत होत्या. केसांबद्दल मला त्यांनी काही विचारलं नाही.

सुट्टीला आलेली भाची दिवाळीनंतर परत निघाली, तेव्हा सतवंतजींनी मला कापडाच्या दुकानात सोबत नेलं. दुकानदार ओळखीचा. त्याने फिरोजी तागा उलगडला आणि मोजपट्टी लावली.

"नेहमीचे सहा मीटर ना, भाभीजी?"

"पाच," सतवंतजी म्हणाल्या. "त्याला आता पाच पुरतात."