पाटावरचा घुमारा

ताराबाई रामटेके हट्टी आहेत, हे नागपूरजवळच्या वाडीत कुणालाही विचारा. त्या जिथे खोकी भरतात त्या गोदामातले लोक सांगतील, घरमालक सांगतील, आणि महिला मंडळातल्या बाया तर आधी हसतील आणि मग सांगतील. बावीस वर्षांपूर्वी मंडळाच्या भीमगीतांना ढोलकीसाठी बाहेरून पुरुष बोलवावा लागायचा. ‘गाणाऱ्या आपण अन् ठेका दुसऱ्याचा काहून?’ असं विचारून ह्याच बाईने ढोलकी मांडीवर घेतली. तेव्हा त्यांना ती वाजवता येत नव्हती, पण हा मुद्दा त्यांनी फारसा मनावर घेतला नाही. सहा महिने सगळ्यांचे कान किटले. त्यानंतर मात्र त्या अशा वाजवू लागल्या की बुद्धपौर्णिमेला विहारात आलेली माणसं शेवटच्या गाण्यापर्यंत जागची हलत नसत.

गेल्या सप्टेंबरात ओल्या पायरीवरून त्यांचा पाय घसरला, डावा हात अंगाखाली आला आणि मनगट मोडलं. प्लेट बसली, हाड जुळलं, पोळ्या लाटता येऊ लागल्या, खोक्यांना टेप लावता येऊ लागली. पण ढोलकीच्या डाव्या तोंडावर तळहात दाबून जो खोल घुमारा काढतात, त्याला लागणारा जोर काही परत येईना. फेब्रुवारीत एकदा दहा मिनिटं नेट लावून वाजवलं, तर मनगट आठवडाभर सुजून राहिलं. आता हे असंच राहणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवशी ताराबाईंनी ढोलकीवर खोळ घातली आणि त्या कोपऱ्याकडे पाहणंही सोडलं. हट्टी माणूस गप्प झाला की घरातल्यांना जास्त धास्ती वाटते.

घरात दुसरं कोण, तर एकुलती एक मुलगी, उन्नती. ती कॉम्प्युटरच्या डिप्लोम्याच्या शेवटच्या वर्षाला होती आणि प्रोजेक्टसाठी तिने एक भलतंच सॉफ्टवेअर तयार केलं होतं. लॅपटॉपला बोटाच्या पेराएवढा माइक जोडायचा आणि समोरच्या वस्तूंवर बोटांनी वाजवायचं. टेबलावर टकटक केली की एक ड्रम वाजे, डब्यावर केली की दुसरा. कोणत्या वस्तूचा आवाज कसा, हे आधी वीस-वीस वेळा वाजवून त्याला शिकवावं लागे. एप्रिलच्या एका रविवारी ताराबाई मेथी निवडत बसल्या होत्या आणि लेक टेबल बडवत होती. बराच वेळ ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, ह्याच्यात घुमारा भरता येतो का? उन्नती म्हणाली, येईल की, पण खऱ्या ढोलकीचा आवाज पाहिजे.

ताराबाईंनी मेथी बाजूला सारली आणि ढोलकीची खोळ काढली. गाणंभर वाजवणं जमत नव्हतं, पण एक घुमारा काढणं जमत होतं. दात आवळून त्यांनी तो सात-आठ वेळा काढला, उन्नतीने टिपून घेतला. मनगट ठणकत होतं आणि ताराबाई किती तरी दिवसांनी हसत होत्या.

उजव्या हाताने खरी ढोलकी आणि डाव्याने बसायचा लाकडी पाट, असं त्यांनी आधी करून पाहिलं. पण माइक ढोलकीच्या थापेलाही पाटच समजायचा. शेवटी दोन्ही हातांची सोय घरातल्या सामानावर झाली. पाटावर डाव्या हाताची बोटं नुसती टेकवली तरी घुमारा, पिठाच्या डब्याच्या झाकणावर उजव्या हाताची कडक थाप, आणि गोदामातून आणलेल्या खोक्यावर न घुमणारे बंद बोल. तीन आठवडे गोदामातून आल्यावर चहा घेऊन माय-लेकी कूलरसमोर बसायच्या. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करून कोण बसतं?

इकडे मंडळाच्या प्रमुख सुमतीताईंनी सक्करदऱ्याचा एक ऑक्टोपॅडवाला पाहून ठेवला होता. त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. पौर्णिमा तोंडावर आली होती आणि बिनठेक्याचं गाणं लोकांपुढे कसं न्यायचं, ही त्यांचीही काळजी खरी होती. पौर्णिमेआधीच्या रविवारी विहारात तालीम होती. ताराबाईंचं जमलं तर ठीक, नाहीतर त्याच संध्याकाळी त्याला होकार द्यायचा, असं ठरलं. एकदा तो आला की पुढच्या वर्षीही तोच येईल, हे ताराबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती.

रविवारी चार वाजता विहाराच्या स्पीकरला वायर जोडली. ताराबाईंनी पाट, डबा, खोकं मांडलं, हात जोडले आणि डाव्या हाताची बोटं पाटावर टेकवली. स्पीकरमधून निघाली डब्याची थाप. डब्यावर मारलं, तर काहीच नाही. मागे कुणीतरी खोकलं, आणि अख्ख्या विहारात सुंदर घुमारा घुमला.

बायांनी तोंडाला पदर लावले. उन्नती लॅपटॉपवर वाकली, तिचे कान लाल झाले होते. दोनदा, तीनदा करून पाहिलं, तोच गोंधळ. सुमतीताई जवळ येऊन बसल्या, ताराबाईंच्या पाठीवर हात ठेवला.

"राहू दे वं तारा. लय वाजवलं तू आमच्यासाठी. आता गायला बस."

ताराबाईंना रडू आलं, आणि रडू येतंय याचा संतापही आला. कुणी हसलं असतं तरी चाललं असतं, पण ही माया सहन होईना. त्या मान खाली घालून बसल्या. सगळ्या गप्प झाल्या होत्या. वर पंखा तेवढा किरकिरत होता.

आणि त्यांच्या लक्षात आलं. इथे पंखा आहे. घरी कूलर होता.

बावीस वर्षांत त्यांनी ढोलकी कधी घरून सुरात लावून आणली नव्हती. तासभर आधी यायचं, तिथल्या हवेत तिला बसू द्यायचं आणि मग तिथेच लावायची. घरून लावून आणणाऱ्यांना त्यांनी तोंडावर येडं म्हटलं होतं. आणि ह्या यंत्राला मात्र त्या घरी, कूलरच्या घरघरीत शिकवून, झालं तयार असं समजून इकडे घेऊन आल्या होत्या. त्याला बिचाऱ्याला कूलरसकटचाच पाट माहीत होता.

"उन्नती, याले शिकवलेलं समदं पुसून टाक. इथंच शिकवू."

"आई, अर्धा तास लागन. ताई थांबून राहिल्या आहेत."

"लागू दे. बावीस वर्ष मी समद्यांच्या आधी आली, आज त्या थांबतीन."

सुमतीताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, हातातल्या फोनकडे पाहिलं, आणि तो मांडीवर ठेवून दिला. ताराबाईंनी बायांना बजावलं की पंखा चालू राहू द्या आणि अशा गप्प बसू नका. बोला, खोका, टाळ्या वाजवा, पौर्णिमेला हे सगळं असणारच आहे. बायांना बोला म्हणून सांगावं लागत नाही. त्या कलकलाटात ताराबाई एकेक वस्तू वाजवत राहिल्या. पाट वीस वेळा, हळू आणि जोरात. डबा वीस वेळा. खोकं वीस वेळा. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. तिन्ही वस्तू यंत्राला ओळखू आल्या म्हणून उन्नतीने मान डोलावली तेव्हा पाच वाजून गेले होते.

ताराबाईंनी पुन्हा हात जोडले. बोटं पाटावर टेकली आणि घुमारा उठला. मग डबा, मग खोकं, आणि ठेका धरला गेला. ते काही ऑक्टोपॅडचं वाजणं नव्हतं. तो ताराबाईंचाच घुमारा होता, थोडा लांबणारा, शेवटी वर उचलणारा. आठ महिन्यांत तो मंडळात कुणी ऐकला नव्हता. बायांचं बोलणं बंद झालं. कुणीही न सांगता सुमतीताईंनी गाणं उचललं, आणि ध्रुवपदाला सगळ्या त्यांच्या मागे आल्या.

पहिलं कडवं संपता संपता सुमतीताईंच्या मांडीवरचा फोन वाजला. सक्करदऱ्याचा माणूस होता, पौर्णिमेला किती वाजता यायचं ते विचारत होता. सुमतीताईंनी दुसऱ्या कानावर हात धरला.

"नाही भाऊ, यायचं काम नाही. आमची ढोलकीवाली आली."

ताराबाईंनी ते ऐकलं. डोळ्यांतून पाणी गालावर आलं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. दुसरं कडवं सुरू होत होतं.