मी कधीच न गेलेल्या वस्तीवर माझा डबा

भुतं, पुनर्जन्म, पत्रिका, अंगात येणं... यातलं मला काहीही पटत नाही. हे लिहून झाल्यावरही पटणार नाहीये. या ग्रुपवरचे लोकांचे अनुभव मी जेवताना टाइमपास म्हणून वाचत आलेय, आणि बऱ्याचदा हसलेय. त्यामुळे आज स्वतःवरच लिहायची वेळ आलीय याची मला भीती नाही वाटत, चीड येते. सहा-सात महिने डोकं खाजवतेय आणि हातात काही नाही.

मी वृंदा. वय बेचाळीस, माहेर नाशिक. मशीनची मॅन्युअल्स लिहून देते. ते काम लॅपटॉपवर कुठूनही होतं. म्हणून एक जुनी बारा सीटर गाडी घेतली, सीटा काढल्या, आत पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी, टपावर सोलर बसवून घेतलं. दीड वर्ष झालं, मी त्यातच राहते. एकटी. हो, एकटीच. 'मिस्टर कुठंयत?' असं कुणी विचारलं की मी 'मागं झोपलेत' म्हणून सांगते, कारण खरं उत्तर दिलं की अर्धा तास जातो.

गोष्ट मागच्या दिवाळीनंतरची. जामखेडहून खर्ड्याच्या दिशेने निघाले होते. सकाळचे अकरा, लख्ख ऊन. टाकी रिकामी होत आली होती म्हणून एका वस्तीपाशी लिंबाखाली गाडी लावली. तीन-चार पत्र्याची घरं, एक हातपंप, पलीकडे वीतभर आलेली ज्वारी. त्या भागात मी आयुष्यात पहिल्यांदा पाऊल ठेवत होते. हे वाक्य कृपया नीट वाचा.

कॅन घेऊन उतरले तर समोरच्या घरातून पन्नाशीची एक बाई पिठाच्या हातांनी तशीच पळत आली.

"आल्या गं बया! सुनीता, ए सुनीता, ताई आल्या बग!"

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"मावशी, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. मी पहिल्यांदाच येतेय इकडे."

ती खळखळून हसली. "तवाबी असंच म्हन्ल्या हुत्या!"

त्या कौसाबाई. मागोमाग त्यांची सून सुनीता आली, कडेवर वर्षाची मुलगी. सुनीताने मला पाहिलं आणि तिचे डोळेच भरून आले. मी पाणी मागितलं, त्यांनी हाताला धरून घरात नेलं. चहा आला तो बिनसाखरेचा. मी तसाच पिते, पण हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

मग कौसाबाईंनी सांगितलं ते असं. आदल्या वर्षी, भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, याच झाडाखाली ही गाडी थांबली. आत मी. घरचे सगळे गडी ऊसतोडीला गेलेले, सुनीताचे दिवस भरलेले म्हणून दोघी सासू-सुनाच मागे राहिलेल्या. भर दुपारी सुनीताला कळा सुरू झाल्या. फोनला रेंज नाही.

"तुमी हिला तुमच्या पलंगावर निजवलं अन् गाडी अशी हाणली... मी म्हन्लं, आता आमी तिगीबी जातो! टायमात पोचलो म्हनून दोगी वाचल्या. डाक्टर म्हन्ला, अर्धा तास उशीर झाला असता तर न्हाई." बोलता बोलता त्यांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. "म्हनून हिचं नाव वृंदा ठिवलं."

आता माझी बाजू ऐका. त्या भाऊबिजेच्या आठवड्यात मी नाशिकला होते. आई पडली होती, पायाचं ऑपरेशन झालं होतं, रोज तिच्या उशाशी मी. आणि गाडी? ती भोसरीत एका शेडमध्ये नुसत्या सांगाड्यासारखी उभी होती, इंजिन खाली उतरवलेलं. माझ्याकडे फोटो आहेत, तारखेसकट. ते मी तिथेच काढून दाखवले. भावाला ओवाळतानाचा, आईच्या बेडचा, गाडीच्या सांगाड्याचा.

कौसाबाईंनी सगळे फोटो शांतपणे बघितले आणि म्हणाल्या, "आई बऱ्या हायत का आता?"

मला इतकं वैतागल्यासारखं झालं! "अहो मावशी, मी नव्हते ती! दुसरी कुणीतरी असेल. नाव एक असेल, गाडी सारखी असेल."

सुनीताचा चेहरा उतरला. "ताई," ती हळूच म्हणाली, "तुमाला वळख द्यायची नसंल तर राहू द्या. पन असं नका म्हनू."

ती उठली आणि फळीवरून एक डबा काढून माझ्यासमोर ठेवला. "दवाखान्यात तुमी पेज आनली हुती ह्यात. जपून ठिवला."

स्टीलचा, कडीचा डबा. त्यावर कोरलेलं, 'चि. वृंदास, आईकडून'. मी हॉस्टेलला निघाले तेव्हा आईने दिलेला. नाव घालणारा अनुस्वार विसरला होता, नंतर त्याने टोचला तो भलतीकडे, 'दा'च्या डोक्यावर पडला. झाकणाला हॉस्टेलच्या जिन्यावर आलेला पोचा.

म्हणजे चोरी! मी तावातावाने गाडीत गेले. ओट्याखालचा कप्पा उघडला.

माझा डबा जागेवर होता. आत डाळ.

तो आणून मी त्या डब्याशेजारी ठेवला. तोच अनुस्वार, तोच पोचा. मी मॅन्युअल लिहिणारी बाई आहे, दोन पार्टमधला फरक शोधण्यावरच माझं पोट आहे. अर्धा तास मी दोन्ही डबे उन्हात धरून उलटेपालटे केले. फरक एकच — माझ्यात डाळ होती.

"सुनीताला भाऊ न्हाई," कौसाबाई शेवटी म्हणाल्या. "जावळाला मामाची मांडी लागती. तुमी म्हन्ल्या हुत्या, मी बसीन मांडी घालून. उद्या ट्रॅक्टर यतोय, आमी समदी कारखान्यावर चाल्लो. आजपत्तोर थांबलो तुमच्यासाठी. न्हावी दोनदा येऊन गेला."

काय करायचं मी? खरं बोलायचं तर उठून जायला हवं होतं, कारण शब्द मी दिलाच नव्हता. पण त्या पोरीचं जावळ डोळ्यांवर आलं होतं आणि सुनीता दाराशी पाठ करून उभी होती...

मी बसले. न्हाव्याला बोलावणं गेलं. न्हाव्याचा वस्तरा लागेपर्यंत पोरीने आभाळ डोक्यावर घेतलं होतं. माझ्या ड्रेसवर शूही केली. सगळे हसत होते, मी दात-ओठ खात तिचं डोकं धरून होते. निघताना कौसाबाई डबा द्यायला लागल्या, मी घेतला नाही.

नंतर आईला विचारलं, डबे किती केले होते? "एकच गं. दोन कशाला करीन?" सुनीता बाळंत झाली त्या दवाखान्यात जाऊन आले, रेकॉर्ड असं कुणालाही दाखवत नाही म्हणाले, आणि ते बरोबरच आहे. भाऊ म्हणतो, व्हॅनमध्ये राहून तुझं डोकं फिरलंय. मैत्रीण म्हणते, यावर रील कर! सुनीताशी फोनवर बोलते कधीमधी, ती मला अजून 'तुमी वाचवलं' म्हणते आणि मी आता वाद घालत नाही.

एक गोष्ट अजून कुणालाच सांगितलेली नाही. त्याच ट्रिपमध्ये, चार दिवस आधी, पारनेरजवळ एका बाईने रस्त्यात हात केला होता. कडेवर मूल, ते मान टाकलेलं. मी वेग कमी केला. मग वाटलं, एकटीने असं कुणाला गाडीत घेऊ नये, पलंगावर नवी गादी आहे, मागून कुणीतरी येईलच... आणि मी निघून गेले.

कौसाबाईंच्या झाडाखाली थांबलेली ती बाई कोण होती ते मला माहीत नाही. माझं नाव, माझी गाडी, माझा डबा, सगळं तिच्याकडे होतं. पण ती थांबली होती.