जैसलमेरला सायकल जाते का?

उखर्डू नानांची आणि माझी पहिली भेट एका प्रतिज्ञापत्रावरून झाली. मी तेव्हा धुळ्याला एका वकीलसाहेबांकडे कारकून होतो. जिनिंग-प्रेसच्या एका दाव्यात तिथला फिटर साक्षीदार म्हणून यायचा होता. चाळिशी उलटलेला, काटक अंगाचा एक माणूस सायकल थेट ओसरीवर घेऊन आला आणि ती खांबाला साखळीने बांधूनच आत शिरला. मी त्याला त्याची जबानी वाचून दाखवली आणि सहीसाठी टाक पुढे केला. सही तेवढी येणाऱ्या, पण वाचता न येणाऱ्या त्या माणसाने टाकाला हात लावला नाही.

“तू वाचस ते बराबर शे,” तो म्हणाला, “पन कागदवर तेच शे का, ते माले कसं समजी?”

मी पुन्हा वाचलं. मग तो कागद घेऊन उठला, शेजारच्या वकिलांच्या कारकुनाकडे गेला आणि त्याच्याकडून सगळं वाचून घेतलं. दोन्ही वाचनं जुळली तेव्हा परत येऊन त्याने सही केली. मला राग आला होता. वकीलसाहेब मात्र हसून म्हणाले, “माझे सगळे अशील असे असते, तर निम्मे दावे उभेच राहिले नसते.”

नाना मूळचे चोपड्याकडचे. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईने त्यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं आणि नाव उखर्डू ठेवलं. कापसाचा हंगाम असेतोवर ते जिनातल्या यंत्रांच्या मागे असत. हंगाम संपला की सायकल काढून निघत. कधी रावेर, कधी बऱ्हाणपूर, एकदा तर पार नागपूर. कामाशिवाय इतका लांब जाणारा माणूस आमच्याकडे कुणाला पचत नसे. कुणी म्हणे, पोलिसांचा माणूस आहे. कुणी म्हणे, दुसरं घर केलंय. नाना कुणालाच काही सांगत नसत. एखादी गोष्ट स्वतः करून बघेपर्यंत तिच्याबद्दल बोलायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता होता. विचारलं की म्हणायचे, “पहिले देखू, मंग सांगू.”

मलाही सायकलचं वेड होतं, त्यामुळे हळूहळू ओळख वाढली. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. वकीलसाहेब वडिलांना घेऊन काशीयात्रेला निघाले आणि मला दोन महिन्यांची मोकळीक मिळाली. नवा कापूस यायला अवकाश होता. नाना एका संध्याकाळी खोलीवर आले आणि म्हणाले, जिनातला मारवाडी मुनीम सांगतो, जैसलमेरला सायकल जाऊच शकत नाही. वाळू आणि काटे दोन्ही तिला गिळतात. “माले खरं वाटत नही,” नाना म्हणाले. “मी जाई देखस. येस का?”

मी हो म्हटलं. पण एवढ्यासाठी कुणी तीनशे कोस पायडल मारेल, हे मला त्यांच्या त्या मुनिमाच्या बोलण्याइतकंच खोटं वाटलं.

आग्रा रोडने आम्ही निघालो. पाठीमागच्या कॅरिअरवर वळकटी, दशम्यांचं गाठोडं, सातूचं पीठ, आणि दांड्याला लटकवलेली पाण्याची छागळ. सेंधव्याचा घाट हातात सायकल धरून चढलो. नाना प्रत्येक मुक्कामी विहिरीचं पाणी आधी हुंगत, मग घोटभर तोंडात धरून थुंकत, मगच पीत. धर्मशाळेत सायकलींची चाकं एकमेकांत अडकवून साखळी घालत आणि साखळीचं टोक स्वतःच्या मनगटाला बांधून झोपत. रस्ता विचारायचा तर एकाला कधीच नाही. तीन माणसांना तीन वेगळ्या जागी विचारत. पहिले काही दिवस मला याची मजा वाटली.

नीमचला मजा संपली. हा अफूचा मुलूख, हे मी वकिलांकडे राहून ऐकून होतो. नाना तिथे मला धर्मशाळेत बसवून एकटेच बाजारात गेले आणि तासाभराने कापडात गुंडाळलेलं एक पुडकं घेऊन आले. काय आहे, म्हणून विचारलं. “देखू,” एवढंच म्हणाले. संध्याकाळी मी नदीवरून अंघोळ करून आलो, तर ते स्वतःच्या सायकलचे दोन्ही टायर पुन्हा रिमवर चढवत होते. पुडकं निम्मं झालं होतं. बाजूला मोच्याची असते तशी एक आरी पडली होती.

“तुना बी टायर काढ,” नाना म्हणाले. “मी देखस.”

माणूस टायरमध्ये अफू भरून संस्थानांच्या हद्दी ओलांडतोय आणि निम्मा माल माझ्या चाकांत घालू पाहतोय, हे मला लख्ख दिसलं. नाक्यावर पकडले गेलो तर त्यांच्या चाकाबरोबर माझंही चाक फोडून बघणार. मी म्हटलं, “माझे टायर ठीक आहेत. माझ्या सायकलला हात लावू नका.” नानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आरी पुसली आणि पिशवीत ठेवली.

पुढे चितोड, अजमेर, जोधपूर. प्रत्येक हद्दीवर मी नानांच्या बराच मागे राही. एकाही शिपायाने चाकाकडे पाहिलं नाही. जोधपूरच्या पुढे सडक पातळ होत गेली आणि फलोदीनंतर नुसती उंटांच्या पायांची वाट राहिली. बोरीची खुरटी झुडपं, खेजडीची तुरळक झाडं आणि जमिनीवर पसरलेले सराटे. आमच्याकडचा सराटा त्यांच्यापुढे गरीब म्हणावा. तिथून माझी पंक्चरं सुरू झाली.

पहिल्या दिवशी दोन, दुसऱ्या दिवशी तीन. नानांची चाकं मात्र टणक. पंक्चर काढायला मला येत होतं. ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधायचं, तर बुडवायला पाणी नव्हतं. नानांनी लांबूनच सांगितलं, ट्यूब ओठांजवळून फिरव, हवा लागेल. तसं करून मी भोक शोधी, कानशीने घासून सोल्यूशन लावी, जुन्या ट्यूबचं ठिगळ दाबून धरी. नाना मदतीला सरकले की मी पाठ करून बसे. संध्याकाळी भरलेलं चाक सकाळी बसलेलं असायचं. तिसऱ्या सकाळी माझ्या डोक्यात आलं की हे काटे नाहीत. ती आरी आहे. यांना मला वाटेत गाठून माल माझ्या गळ्यात मारायचा आहे, नाहीतर मला कुठेतरी टाकून पुढे जायचं आहे. त्या रात्रीपासून मी सायकल उशाशी घेऊन झोपू लागलो. तरी सकाळी चाक बसलेलंच.

पोकरणच्या पुढे एका ढाणीवर आम्ही सकाळीच थांबलो. चार झोपड्या, एक खोल विहीर, खारट पाणी. एक म्हातारी आणि तिच्या बकऱ्या, बाकी माणसं उंट घेऊन गेलेली. नाना म्हातारीशी बराच वेळ हातवारे करत बोलले. माझा धीर संपला होता. मी ठरवलं की आता मागे फिरायचं. आलो ती वाट लांब होती. दक्षिणेकडून एक जवळची वाट आहे आणि तिच्यावर आठ कोसांवर तलाव आहे, असं मला पोकरणला एका दुकानदाराने सांगितलं होतं. भर दुपार होती. मी नानांना म्हटलं, “मी दक्षिणेच्या वाटेने परत चाललो, तलावावरून. एकटा.”

“ऊन उतरू दे,” ते म्हणाले.

“मला तुमच्या परवानगीची गरज नाही.”

मी म्हातारीकडून छागळ भरून आणली. परत येतो तो दोन्ही चाकं जमिनीला टेकलेली. थोड्या वेळापूर्वी मी स्वतः हवा भरली होती, दोन्हींत. नाना झोपडीच्या सावलीत शांत बसले होते.

इतक्या दिवसांचं सगळं माझ्या तोंडून बाहेर पडलं. नीमचचं पुडकं, आरी, रात्रीची हवा. शेवटी मी म्हटलं, “तुम्ही चोर आहात. सगळ्या जगावर संशय घेता, कारण तुम्ही स्वतः चोर आहात.” म्हातारीला भाषा कळत नव्हती, पण ती बकरी सोडून उभी राहिली.

नाना उठले नाहीत की रागावले नाहीत. नुसते म्हणाले, “ऊन उतरू दे. मंग बोलू.”

पंप त्यांच्या मांडीखाली होता. त्यांच्याशी झटापट करण्याची ताकद माझ्यात नव्हती, आणि खरं सांगायचं तर हिंमतही नव्हती. मी दुसऱ्या झोपडीच्या सावलीत जाऊन बसलो. ती दुपार मी त्यांच्यावर नजर ठेवून काढली, त्यांनीही माझ्यावर.

ऊन कलल्यावर दक्षिणेकडून तीन उंटवाले आले. उंटांची तोंडं फेसाळली होती. त्यांनी विहिरीवर ज्या घाईने पोहरा सोडला, ती बघूनच मी उठलो. त्यांच्यातल्या एकाला हिंदुस्थानी येत होतं. मी तलावाचं विचारलं. तो म्हणाला, “कुठला तलाव? भादव्यात पाऊसच झाला नाही. चिखल होता, तोही वाळला. वीस कोस पाण्याचा थेंब नाही.”

मी खाली बसलो. नाना माझ्याजवळ आले आणि त्यांनी हातातला पंप माझ्यापुढे ठेवला.

“म्हातारीनी सकायलेच सांगं माले,” ते म्हणाले. “पहिले खरं वाटनं नही. पन पानीनी बाबतमा बाई खोटं कसाले बोली?” मग म्हणाले, “हवा आज मीच काढी. आजनी तेवढी.”

“मला तोंडाने सांगायचं होतं.”

“तू ऐकता का?”

मी ऐकलं नसतं. तलाव कोरडा आहे हे त्यांच्या तोंडून आलं असतं, तर मी हट्टाने त्याच वाटेला लागलो असतो.

मग त्यांनी माझा मागचा टायर काढायला सांगितला. मी काढला. “ट्यूब राहू दे. टायरना मधून आंगठा फिराव,” ते म्हणाले. मी हळूहळू अंगठा फिरवला आणि एका जागी रक्त आलं. काट्याचं मोडलेलं टोक टायरच्या जाडीत रुतून बसलं होतं. बाहेरून दिसत नव्हतं. मी ट्यूबला ठिगळ लावत होतो आणि तोच काटा रोज नवं भोक पाडत होता. पुढच्या टायरमध्ये असे दोन निघाले. नानांनी पिशवीतून ते पुडकं काढलं आणि माझ्या हातात दिलं. आत कमावलेल्या कातड्याच्या लांब पट्ट्या होत्या, कडा आरीने भोकं पाडून शिवलेल्या. ट्यूब आणि टायर यांच्यामध्ये घालायच्या. स्वतःच्या चाकांत त्यांनी त्या नीमचलाच घातल्या होत्या. उरलेल्या माझ्यासाठी होत्या. काम देतात की नाही, हे बघितल्याशिवाय ते मला सांगणार नव्हते, आणि त्या कामी आल्या तेव्हा मी त्यांना सायकलजवळ फिरकू देत नव्हतो.

चार दिवसांनी आम्ही जैसलमेरला पोचलो. निम्मी वाट सायकल ढकलतच काढली, पण पंक्चर एकही नाही. पिवळा किल्ला दिसला तेव्हा नानांनी सायकल उभी केली आणि वळून मागची चाकोरी पाहिली. “जास,” म्हणाले. सायकल जाते. शहरात दोन दिवस राहून आम्ही निघालो, जोधपूरपासून गाडीने आलो.

जिनात मुनिमाने त्यांचं ऐकून मान हलवली आणि थापा मारू नका म्हणून सांगितलं. मी साक्ष देतो म्हटलं, तर नाना मलाच थांबवत म्हणाले, “ऱ्हाऊ दे. त्यानी बी जाई देखवं.” त्यांना मुनिमाचं ते वागणं मनापासून आवडलं होतं.

ढाणीवरच्या त्या दुपारचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. सुरुवातीला मला वाटे, त्यांनीच काढावा. मग वाटू लागलं, आता जुनं झालं. त्यातच एक आतला किडा वळवळत राहिला, तो लपवत नाही: हवा त्या दिवशी तेवढीच काढली, असं ते म्हणाले, पण आधीच्या एखाद्या सकाळीही त्यांचा हात माझ्या चाकाला लागला नसेल कशावरून? तीन काटे स्वतःच्या हाताने काढूनही मी हे मनाला विचारत होतो. लढाई सुरू झाली, टायर-ट्यूब मिळेनासे झाले, नानांचं लांबचं फिरणं थांबलं. मीही वकीलसाहेबांचं काम सोडून जळगावला गेलो. येता-जाता भेट व्हायची, मग तीही कमी झाली.

देश स्वतंत्र व्हायच्या आदल्या वर्षी ते तापाने गेले. मला महिन्याभराने कळलं. चोपड्याजवळच्या त्यांच्या गावी मी सायकलनेच गेलो. त्यांच्या पत्नीला, अक्कांना, मी पूर्वी एकदाच भेटलो होतो. अक्कांनी मला ओळखलं. पाणी दिलं, समोर बसल्या, शेवटचे दिवस कसे गेले ते सांगितलं. मग म्हणाल्या, “मारवाडना रस्ताले तुम्हीच व्हतात ना?”

मी हो म्हटलं. आणि कुणालाच न सांगितलेलं मी त्यांच्यापुढे बोललो. “अक्का, मी तिथे नानांना चोर म्हणालो होतो.”

“त्यासनी सांगं व्हतं,” त्या म्हणाल्या. नाना हसत सांगायचे म्हणे, की पोरगा डोळे उघडे ठेवतो, असा सोबती पुन्हा मिळाला नाही. एवढं सांगून अक्कांनी पदर नीट केला. “पन एकदाव बोलनात, का चोर म्हने ते लागनं. बठ्ठं गाव काय काय बोले, ते कधी लागनं नही.”

बाहेर कुणीतरी बैल पाण्यावर नेत होतं.

“मी त्यांची माफी मागायला हवी होती,” मी म्हटलं.

“नही मांगी त काय व्हयनं,” अक्का म्हणाल्या. “त्यासनी काय वाट देखी नही.”

त्या माझं मन राखत होत्या. मला वाटतं, नानांनी वाट पाहिली असेल. दहा वर्षं, कुणाला काही न सांगता.