पडद्यावरचा हलकट

माझ्या थोरल्या बहिणीनं, लुएलानं, ऑर्व्हल टॅकेटशी लग्न करायचं ठरवलं, तेव्हा आईनं आधी हातातला तवा चुलीवर आदळला आणि मग विचारलं, "कोण? परवा ज्यानं त्या आंधळ्या म्हाताऱ्याला विहिरीत ढकललं, तो?"

"आई, तो सिनेमा होता."

"पण ढकललं त्यानंच ना? मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

आईचं तरी काय चुकलं? आमच्या लोन पाइन गावात सगळ्यांचंच तसं व्हायचं. गावाबाहेर त्या गोल गोल खडकांच्या टेकड्या, मागे बर्फाचे डोंगर. हॉलिवूडची मंडळी ट्रक भरभरून यायची आणि तिथं घोडे दौडवायची. कुणी त्यांना घोडे पुरवायचं, कुणी दारूचे लाकडी गुत्ते उभारून द्यायचं. आई, लुएला आणि मी हॉटेलच्या स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी बीन्सची भांडी चढवायचो. आणि मग वर्षभरानं तोच सिनेमा गावात लागला की आपलंच गाव आपण परक्यासारखं बघत बसायचो.

ऑर्व्हल ओक्लाहोमाचा. तिकडे धुळीच्या वादळांनी शेतं उडाली, तेव्हा हा पश्चिमेला आला आणि इथल्या एका रँचवर घोडे शिकवायला राहिला. एकदा शूटिंगसाठी घोडे घेऊन गेला आणि दिग्दर्शकाची नजर त्याच्या चेहऱ्यावर पडली. खेचराच्या लाथेनं नाक वाकडं झालेलं, काटेरी तारेनं एक भुवई मधोमध चिरलेली, डोळे पाण्यासारखे फिके.

"तुला बोलता येतं का रे?" दिग्दर्शकानं विचारलं.

"लागेल तेवढं."

"तेवढं पुरे!"

झालं, त्या दिवसापासून ऑर्व्हल दरोडेखोर. आधी टोळीत मागे कुठंतरी, मग जरा पुढे, मग सरदाराचा उजवा हात. त्यापुढे मात्र त्याची मजल कधी गेली नाही. गुरं चोरायची, गुत्त्यात कुणाची तरी कॉलर धरायची आणि शेवटी गोळी खाऊन पडायचं. खडकावरून, छपरावरून, भरधाव घोड्यावरून. गळ्याचं हाड दोनदा मोडलं. पोस्टरवर नायकाच्या घोड्याचं नाव असायचं, ह्याचं नसायचं. त्याचं त्याला काही वाटायचं नाही. घोड्याला खरचटलं तर मात्र दोन दिवस जेवण जायचं नाही त्याला.

गावातली पोरं त्याला बघून पळायची. चर्चमध्ये दानाची थाळी फिरवायचं काम त्याच्याकडे आलं, तर पहिल्या रविवारी मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं थाळीची दुसरी कड घट्ट धरून ठेवली होती.

तर आईनं अट घातली. "सिनेमात एकदा तरी माणसासारखं वाग म्हणावं, मग बघू."

ऑर्व्हलनं ते मनावर घेतलं. सरळ जाऊन दिग्दर्शकाला विचारलं. तो इतका हसला, की त्याची टोपी खाली पडली. ऑर्व्हल तसाच आमच्या मागच्या दाराशी आला, हॅट छातीशी धरून.

"मिसेस हेझलटाइन, मी विचारलं. नाही म्हणाले. पण पुढच्या सिनेमात मी फक्त गुरं चोरतोय. माणूस एकही मारत नाही."

आई त्याच्याकडे बघतच राहिली. मग पदराआड हसावं तशी ओट्याकडे तोंड करून हसली आणि म्हणाली, "आत ये, पाय पूस. कॉफी आहे."

लग्न झालं. वर्षं गेली, आणि घराघरात टेलिव्हिजन आलं. घरबसल्या गोळीबार दिसायला लागल्यावर थिएटरात कोण जाणार? ते स्वस्तातले घोडेवाले सिनेमे बंद पडले. हॉटेलचा वरचा मजला कुलूपबंद झाला. ऑर्व्हल हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर लागला. तिथंही चेहरा आडवा यायचाच. लांबून आलेल्या बायका त्याला बघून गाडीची काच वर करायच्या. कुठं बघितलंय ते आठवायचं नाही, पण काहीतरी वाईट केलंय ह्यानं, एवढं नक्की आठवायचं.

एकदा मी त्याचा डबा घेऊन गेले, तर उलट्या बादलीवर बसला होता.

"इतकी वर्षं मी पडायचंच काम केलं, विनी," तो म्हणाला. "आता उभं राहून काय करायचं, तेच कळत नाही."

डबा ठेवला आणि आले.

त्याच पंपावर एका दुपारी व्हॉससाहेब थांबले. पूर्वी ते दिग्दर्शकाच्या हाताखाली असायचे, आता स्वतः टेलिव्हिजनसाठी मालिका करत होते. त्यांनी ऑर्व्हलला ओळखलं आणि काच खाली केली.

"टॅकेट, एका शेतकऱ्याचं काम आहे. त्याच्या मुलाला एका पोरानं गोळी घातलीय. ते पोर एका रात्री आसरा मागत त्याच्याच दारात येतं. शेतकरी त्याला माफ करतो."

"मी त्या पोराच्या टोळीत असेन."

"नाही. तू शेतकरी."

ऑर्व्हलच्या हातातून पेट्रोलची नळी सुटायची बाकी होती. "साहेब, माझं तोंड बघितलंत ना?"

"तेच बघतोय. शहरातले नट येऊन गेले. सगळे दिसतात असे, की आयुष्यात कधी चिडलेच नाहीत. मग माफ काय करणार, कपाळ? मला चिडू शकणारा माणूस हवाय."

काम मिळालं खरं, पण भाषण पानभर. ह्याची सगळी कारकीर्द दोन-चार शब्दांच्या वाक्यांवर गेलेली. रोज संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात तालीम चालायची. लुएला ते पोर व्हायची. ऑर्व्हल दात दाखवून हसायचा आणि हात पुढे करायचा.

"हा माफ करतोय की गळा दाबतोय?" आई बटाटे सोलता सोलता म्हणायची.

चौथ्या की पाचव्या संध्याकाळी त्यानं कागद टेबलावर टाकला. "मी जातो पंपावर. व्हॉससाहेबांना सांगतो, दुसरा बघा."

लुएला खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. "ऑर्व्हल, हसू नकोस. डॉक्टरांच्या दारात उभा होतास ना, तसा उभा राहा."

आईच्या हातातली सुरी थांबली. लुएला आणि ऑर्व्हलची मुलगी, छोटी एफी, पाच महिन्यांची होऊन न्युमोनियानं गेली होती. डॉक्टर शेजारच्या गावचे, बर्फात अडकले आणि उशिरा पोचले. दुसऱ्या दिवशी ऑर्व्हल त्यांना जाब विचारायला म्हणून गेला होता. पुढे काय झालं ते आमच्याकडे कुणी कधी बोललं नव्हतं.

"मी तिथं काहीच केलं नाही," ऑर्व्हल म्हणाला.

"मला डॉक्टरांच्या बायकोनं सांगितलंय काय केलंस ते. डॉक्टर दारात आले. डोळे सुजलेले, अंगावर आदल्या दिवसाचेच कपडे. तू बराच वेळ नुसता बघत राहिलास. मग म्हणालास, 'तुम्ही काही खाल्लंय का?'"

ऑर्व्हल उठला आणि मागच्या अंगणात गेला. बऱ्याच वेळानं आत आला आणि टेबलावरचा कागद उचलला.

शूटिंगला मी कॉफीची किटली घेऊन हजर होते. घराचा नुसता दर्शनी भाग उभा केलेला, मागे काही नाही. पोराचं काम करणारा तरुण दारात आला. ऑर्व्हलनं भाषणाची दोन वाक्यं म्हटली आणि अडकला. मला वाटलं, संपलं सगळं. त्याचा जबडा आवळला, मूठ वळली. तो पोरगा खरोखरच एक पाऊल मागे सरकला. मग ऑर्व्हलची मूठ हळूहळू सुटली. तो दारातून बाजूला झाला आणि म्हणाला, "आत ये. काही खाल्लंयस का?"

कॅमेरा चालूच होता. तो तरुण नट रडायला लागला. तसं कुठं लिहिलेलं नव्हतं. व्हॉससाहेबांनी उरलेलं भाषण तिथल्या तिथं खोडून टाकलं.

तो भाग लागला त्या दिवशी सगळं गाव हॉटेलच्या हॉलमधल्या टेलिव्हिजनसमोर जमलं. ऑर्व्हल पडद्यावर दिसल्याबरोबर सवयीनं दोघा-तिघांनी "हूऽऽ" केलं. थोड्या वेळानं सगळे गप्प झाले. संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, लगेच उठलंही नाही. शेवटी आईच म्हणाली, "दिवे लावा की कुणीतरी!"

ऑर्व्हल काही नायक झाला नाही. पण तो शेतकरी लोकांना आवडला आणि मालिकेत कायमचा राहिला. मग आणखी भूमिका मिळाल्या, पाद्री आले, न्यायाधीश आले, एक आगगाडीचा म्हातारा ड्रायव्हर आला. आता त्याचं नाव पडद्यावर येतं. एकदा चुकीचं लिहिलं होतं, तरी लुएलानं उठून बोट ठेवून वाचलं.

आता ऑर्व्हलचं वय साठीच्या पुढे गेलंय. पुढच्या महिन्यात एका सिनेमात त्याला एका विधवेशी लग्न करायचंय आणि लग्नात नाचायचंय. नाच त्याला बापजन्मात जमलेला नाही. म्हणून सध्या रोज जेवणं झाली की आम्ही स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला लावतो, मी रेडिओ सुरू करते आणि लुएला त्याचा हात धरते.

"डावा, ऑर्व्हल, डावा! माझ्या पायावर नको!"

"त्या विधवेला सांगून ठेव, जाड बूट घालून ये म्हणावं," तो म्हणतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.