टोपी, मग कान

हे आजवर कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. त्या सामन्यात खूण मीच दिली होती.

मी कॉलेजच्या बेसबॉल संघाचा कोच. स्टाफरूममध्ये सगळे चिडवायचे, "कोचच्या हातात असते काय गा? खेळतात पोट्टे, तू कोपऱ्यात उभा राहून नाक खाजवतो." मीही हसायचो. जिंकलो की हार मात्र माझ्याच गळ्यात पडायचा.

ओरडून सांगितलं तर समोरच्यांना कळतं, म्हणून कोच हातांनी बोलतो. नाक, छाती, पट्टा, कुठंही हात लावला तरी ते सोंग. टोपी आणि लगेच कान, तरच खूण. तिसऱ्या बेसवरच्याने ती दिसताच धाव पुरी करायला थेट होम प्लेटकडे पळायचं, विचार करायचा नाही. हे पोरांच्या अंगात मीच भिनवलं होतं.

अंतिम सामना, शेवटची पाळी, आम्ही एका धावेनं मागे. डोळ्यांवर ऊन आलं म्हणून मी टोपी पुढे ओढली. कानाशी माशी घोंघावली. हात गेला.

तिसऱ्या बेसवरचा पोरगा पळाला. चेंडू होम प्लेटवरच्या कॅचरच्या हातातच होता. बाद. सामना गेला.

धुळीत पडल्या पडल्या त्यानं अंपायरकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "सर, खूण होती ना? मले दिसली."

सगळा संघ माझ्याकडे वळला.

"कुठं गा? तुले भास झाला."

तो बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "असंन, सर."

पुढं सरावात खूण दिली की तो जागचा हलेना. शेजारच्याला विचारायचा, "देल्ली का?" अशा खेळाडूचा उपयोग काय, म्हणून मीच त्याला काढलं.

परवा, इतक्या वर्षांनी, सदरच्या चौकात टोपी घालून सिग्नलला फुटपाथवर उभा होतो. दिवा हिरवा झाला. समोरची एक मोटारसायकल हलेचना. मागून ऑटोवाला खेकसला, "अबे चल ना, मेहंदी लावली का पायाले?" मोटारसायकलवाला मान वळवून मागच्या बाईला विचारत होता, "हिरवा लागला ना वं?"

"लागला. चला."

विचारणाऱ्याचा आवाज ओळखीचा वाटला. केस पिकले होते, पण तोच. मला पाहून त्यानं गाडी कडेला घेतली, वाकून नमस्कार केला. त्याची बायको हसत सांगू लागली, "यायले समदं विचाराच लागते, सर. भर उजेडात विचारतात, दार उघडं हाय का? बुटीबोरीच्या कारखान्यात मशीनवर होते. लाल दिवा लागला तरी बाजूच्याले विचारत. आता गेटवर बसवलं."

तो मात्र हसत नव्हता. तिचं बोलणं चालू असताना तो माझ्याकडे टक लावून पाहत होता. तिसऱ्या बेसवरून पाहायचा तसाच.

"सर," तो हळूच म्हणाला, "आत्ता तुम्ही टोपीले हात लावला. मग कानाले. लावला ना?"

मला काहीच जाणवलं नव्हतं. पण माझी बोटं अजून कानाच्या पाळीवर होती. ती मी खाली घेतली.

"नाही गा," मी म्हणालो.

"असंन," तो म्हणाला, आणि बायकोकडे वळला. "सर उभे हायेत ना वं इथं?"

ते गेले. मी हात खिशात घालून घरी आलो. अजूनही बाहेर पडलो की हात खिशातच ठेवतो.

त्याला एवढंच सांगणं बाकी आहे: खूण होती. दोन्ही वेळा होती. तुला बरोबर दिसलं.