अण्णांची पट्टी

शिवाप्पा अण्णांना काहीही विचारलं की ते आधी हातातली पटाशी खाली ठेवत, मांडीवरचा भुसा झटकत आणि मग जेवढं विचारलं असेल तेवढ्याचंच उत्तर देत. वर एक अक्षर नाही. हे लाकूड चालेल का, असं विचारलं तर ‘न्हाय’. का नाही, हे हवं असेल तर पुन्हा विचारायचं. मग कुठलं चालेल, हा तिसरा प्रश्न. पाच-सहा प्रश्न झाले की माझं डोकं फिरायचं. एकदा वैतागून मी म्हटलंच, की अण्णा, सगळं एकदम सांगून टाकलंत तर काय बिघडतं?

“इचारलं तर सांगतो की अक्का. न इचारता सांगत सुटायला मी काय रेडिओ हाय?”

आमच्या शिरोलीच्या फौंड्रीत ते पॅटर्नमेकर होते. बिडाची कुठलीही वस्तू ओतायची तर आधी तिच्यासारखी लाकडी वस्तू करावी लागते. ती रेतीत दाबून अलगद काढली की मागे जी पोकळी उरते, तिच्यात वितळलेलं लोखंड ओततात. ती लाकडी वस्तू म्हणजे पॅटर्न, आणि ती जिथे बनते ते खातं म्हणजे पॅटर्न शॉप. अण्णा निपाणीकडचे, घरात कानडी, कामावर मराठी, आणि माझ्यासारख्या निम्म्या वयाच्या इंजिनिअर बाईलाही ‘अक्का’. न विचारता न सांगण्याचं कारणही मला विचारल्यावरच कळलं. तरुणपणी त्यांनी एका साहेबाला आपण होऊन चूक दाखवली होती. साहेब चारचौघांत म्हणाला, तुला कुणी विचारलं? तेव्हापासून यांनी तोंडाला कुलूप घातलं, आणि त्याची किल्ली शोधत बसायची वेळ इतक्या वर्षांनी माझ्यावर आली.

कारण मालकांनी मला पुण्याला पाठवून थ्रीडी प्रिंटिंगचा कोर्स करायला लावला होता. मी प्रमाणपत्र घेऊन आले, पाठोपाठ प्रिंटर आला. भट्टीला आणि रेतीच्या मशीनला सेन्सर लागले, भिंतीवर मोठा स्क्रीन लागला. कुठलंही कास्टिंग, म्हणजे ओतलेली वस्तू, बाद झालं की कारणांच्या यादीतून एक कारण निवडून नोंदवायचं, ते लगेच स्क्रीनवर दिसणार. अण्णा त्याला टीव्ही म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी मला गंभीरपणे विचारलं होतं, की म्याच कवा हाय? दिवाळीला ते निवृत्त होणार होते आणि त्याआधी त्यांच्या डोक्यातलं सगळं कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. आता विचारल्याशिवाय न बोलणाऱ्या माणसाकडून माहिती काढायची, तर काय विचारायचं ते आधी माहीत पाहिजे. ते मला माहीत नव्हतं आणि माहीत नाही हेही माहीत नव्हतं.

प्रिंटरचा मात्र त्यांनी कधी राग केला नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन ते त्याच्यासमोर बसत. प्लॅस्टिकची तार वितळून थरावर थर चढत जायचा, ते बघत एकदा म्हणाले, “वाळवीगत चाललंय की ह्येचं. गप वारूळ बांधतंय.” मग छापलेल्या तुकड्यावरून अंगठा फिरवून गप्प बसले. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले की थरांच्या रेघा राहिल्यात, रेती धरून ठेवणार. आणि खरंच, तो रेतीतून काढताना साच्याच्या कडा ढासळल्या. कोर्समध्ये हे कुणी शिकवलं नव्हतं. मला त्यांचा राग आला, आणि राग येतोय याचा जास्त राग आला.

मग त्या पंपाच्या बॉडीचं काम आलं. जुनं गिऱ्हाईक बऱ्याच वर्षांनी परत आलं होतं. नमुना पास झाला तर काम कायमचं मिळणार होतं. ड्रॉइंग हरवलेलं, लाकडी पॅटर्न चिरलेला. मी ठरवलं, हाच आपला पहिला पूर्ण प्रिंट केलेला पॅटर्न. पण जुन्या पॅटर्नला काळा चकचकीत रंग होता आणि स्कॅनरला तो नीट दिसेना. शेवटी अण्णांनी खिशातली पोलादी पट्टी काढली. ते एकेक माप वाचत गेले, मी कॉम्प्युटरवर टाकत गेले. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न नेहमी शेकड्याला एक मोठा ठेवतात, एवढं मला कोर्समध्ये शिकवलं होतं. हा पॅटर्न तर आधीच मोठा केलेला आहे, असा हिशेब करून मी प्रोग्राम आपोआप धरतो ती वाढ बंद केली. हुशारीच केली म्हणायची.

प्रिंट तयार झाला. मी डिजिटल व्हर्नियर लावून बघितला, कॉम्प्युटरशी तंतोतंत जुळला. अण्णा येऊन उभे राहिले. त्यांनी पट्टी लावली, काढली, पुन्हा लावली. आणि मी विचारलेलं नसताना म्हणाले, “अक्का, ह्ये जरा बारकं वाटतंय.”

मी घाईत होते. म्हटलं, अण्णा, हे यंत्र मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजतं, तुमची पट्टी राहू द्या. “मग हाय ते बरं,” म्हणाले आणि निघून गेले.

आठ कास्टिंग ओतली. आठही लहान भरली. चारशे मिलिमीटरच्या ठिकाणी चार मिलिमीटर कमी. मोठं असतं तर घासून उतरवता आलं असतं. लहानाचं काय करणार? गिऱ्हाइकाचा माणूस नमुना टेबलावर तसाच ठेवून गेला. मी संतापले होते. माप कुणी वाचलं? अण्णांनी. यादी उघडली आणि कारण निवडलं: चुकीचं माप, पॅटर्न शॉप. आठ वेळा.

तीन दिवसांनी अण्णा चहाला गेले असताना त्यांची पट्टी टेबलावर पडलेली दिसली. सहज व्हर्नियर लावला. पट्टीवरचे शंभर म्हणजे खरे एकशे एक होते. पॅटर्नमेकरची पट्टीच तशी असते, आकसणं तिच्यात आधीच धरलेलं. म्हणजे मोठ्या पॅटर्नवर मोठी पट्टी लावून अण्णांनी मला तयार वस्तूची बरोबर मापं वाचून दाखवली होती आणि वाढ मीच काढून टाकली होती. पट्टी अशी असते, हे फौंड्रीतल्या माणसाला सांगावं लागेल, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये मालकांनी स्क्रीनवरचं गोल चित्र बघितलं. पॅटर्न शॉपचा लाल तुकडा सगळ्यांत मोठा. ते म्हणाले, आता वय झालं अण्णांचं, दिवाळीपर्यंत कशाला ताणायचं, पगार देऊ तोवरचा, पण घरी बसू दे. मी समोरच बसले होते. मला खरं कारण माहीत होतं. बोलले असते तर कोर्स, प्रिंटर आणि मी, तिघांचंही हसं झालं असतं. मी वहीत बघत राहिले. ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

सांगितलं, पण दिवाळीनंतर, अण्णा कधीच घरी बसल्यावर. मालक म्हणाले, झालं गेलं पंचगंगेला मिळालं. नोंद बदलायला गेले तर प्रोग्राम म्हणतो, महिना बंद झाला. प्रोग्राम बनवणाऱ्यांना फोन केला. ते अभिमानाने म्हणाले की जुन्या डेटाला कुणालाच हात लावता येत नाही, हीच तर खुबी आहे.

शेवटी कळंब्याला त्यांच्या घरी गेले. अण्णा दाराची फुगलेली फळी रंध्याने तासत होते. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. त्यांनी रंधा खाली ठेवला, मांडीवरचा भुसा झटकला.

“ठाव हाय. कास्टिंग मोजलं तवाच समजलं मला.”

मग मालकांना का नाही सांगितलंत, असं मी जवळजवळ ओरडूनच विचारलं.

“कुनी इचारलंच न्हाय.”

आतून चहा आला. दोघांनी तो घेतला. कप खाली ठेवून अण्णा म्हणाले, “आता मी एक इचारू? त्या टीव्हीवर अजून हाय का त्ये?”

मी घाईघाईने म्हटलं, की अण्णा, तुमचं नाव कुठंही नाही, फक्त पॅटर्न शॉप एवढंच लिहिलंय.

“पॅटर्न शॉपात मी सोडून दुसरं कोन हुतं, अक्का?”

त्यांनी पुन्हा रंधा उचलला. मी पायात चपला सरकवल्या.