सप्टेंबरमधले कापलेले अकरा दिवस

मस्कतकर मंडळी, आज दोन सप्टेंबरच आहे ना? नीट बघून सांगा.

लेकीला शाळेसाठी चार्ट करायचाय: ब्रिटनच्या इतिहासातला हा आठवडा. लंडनची मोठी आग दोनला, दुसऱ्या महायुद्धाची घोषणा तीनला. शोधता शोधता तिला १७५२ साल सापडलं. त्या वर्षी तिथलं कॅलेंडर बदललं आणि लोक दोन तारखेला झोपले ते थेट चौदाला उठले. मधले अकरा दिवस गायब!

संध्याकाळी कामावरून आले, तर सांगलीहून आणलेल्या आमच्या कॅलेंडरला हे मोठं भोक. तीन ते तेरा कापलेले.

"अगं, हे काय केलंस?"

"आई, त्या डेट्सच नाहीत आता. सो आजोबांचं ऑपरेशन येणारच नाही."

सात तारखेला सांगलीत माझ्या बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. मी तिच्यावर ओरडले. मग न राहवून बाबांना फोन लावला. चार्टचं, कात्रीचं त्यांना कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

"ऑपरेशनचं काय टेन्शन घेतेस? झालं की ते," बाबा हसत म्हणाले. "आज चौदा तारीख. बरा आहे मी."

मागून आईचा आवाज आला, "अहो, काहीतरीच काय बोलताय?"

फोन ठेवून मी पुन्हा कॅलेंडरसमोर येऊन बसलेय. कापलेला तुकडा हातात आहे, चिकटपट्टी समोर आहे.

तुम्ही चिकटवला असता?